रोझेरचं डोकं फिरलंय म्हणे

सेंट फेलिक्स, मेन
१९ मे

प्रिय क्लोदेट,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तू बरी असशील, तुझ्या रेमंडची कंबर पुन्हा धरली नसेल, आणि तिकडे कनेक्टिकटमध्ये एव्हाना झाडांना पानंही आली असतील. इथे तळ्यावरचा बर्फ गेल्या आठवड्यात गेला. बटाट्याची लावणी सुरू झालीय. ओढ्याकाठी नेच्याचे कोंब फुटलेत. कालच पिशवीभर खुडून आणले, लोण्यात परतले आणि तुझी आठवण काढत एकट्याने संपवले. तू असतीस तर अर्ध्या वाट्यासाठी भांडली असतीस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. नाही, माझं डोकं फिरलेलं नाही. रीता मावशी तुला फोनवर जे सांगते त्यातलं अर्धं खरं असतं, पण कुठलं अर्धं ते तिलाही माहीत नसतं. म्हणून मीच पहिल्यापासून सांगतो. आपल्या भावाचं, आल्सीदचं नाव बऱ्याचदा येईल. पत्र बाजूला ठेवू नकोस.

आपली वहिनी बर्निस गेल्याचं मी तुला कळवलं, पण कशी गेली ते सांगितलं नव्हतं. तू फुलं पाठवलीस, मला तेवढं पुरे वाटलं. तुला माहीतच आहे, आल्सीद गावच्या ॲम्ब्युलन्सवर पाळी करायचा. फेब्रुवारीत त्या दुपारी त्याचीच पाळी होती. एका बाईच्या छातीत दुखतंय असा निरोप आला आणि पत्ता वाचून दाखवला गेला. तो म्हणाला, "हे तर माझं घर आहे." तेवढंच म्हणाला आणि गाडीत चढला. फोन बर्निसनेच केला होता. ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. हॉस्पिटलपर्यंत त्याची जोडीदारीण गाडी चालवत होती आणि तो मागे बसून बर्निसची छाती दाबत होता. पोचल्यावरही त्याचे हात थांबेनात. दोघांनी धरून बाजूला केला.

दफन झालं, त्या संध्याकाळी त्याने घराला कुलूप लावलं आणि तळ्याकाठच्या मासेमारीच्या खोपटात राहायला गेला. कपडे आणायलाही घरात शिरायचा नाही, मलाच पाठवायचा. लोक जेवण नेऊन देत. भांडी तशीच भरलेली परत येत. मी गेलो की तो ट्रकमध्ये बसलेला असायचा, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. काय करतोयस विचारलं तर म्हणायचा, निघतोच आहे. कुठे ते सांगायचा नाही.

मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, याला गोळ्यांपेक्षा बोलायला माणूस हवा, परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर शोधा. मला तर सोशल वर्कर म्हणजे घरातली पोरं उचलून नेणारी सरकारी बाई एवढंच माहीत. बाईंनी नीट समजावलं. ती वेगळी. ही माणसं शिकलेली असतात, राज्याचा परवाना असतो, आणि माणसाच्या मनाला मार बसला तर ते काम त्यांचं. मी आल्सीदला सांगितलं. तो म्हणाला, "मला कुठे पोरं आहेत न्यायला?" बर्निस गेल्यापासूनचा तो त्याचा पहिला विनोद. त्यानंतर दार लावून घेतलं.

त्याला न विचारता मी शोधायला लागलो. क्लोदेट, या भागात ट्रॅक्टरचा जुना सुटा भाग सापडेल, पण असा माणूस सापडत नाही. एकीने काम सोडलं होतं. एक फ्लोरिडाला गेली होती. एकाकडे नवीन माणसं घेणं बंद होतं. एक बँगोरला, म्हणजे जायला यायला अख्खा दिवस. आणखी एक म्हणाली, कॉम्प्युटरवर बोलू. आल्सीद घरच्या फोनवर बोलत नाही तर कॉम्प्युटरवर काय बोलणार? उरला एकच रस्ता, गावात तोंडाने विचारायचं. आणि सेंट फेलिक्समध्ये तोंडाने विचारलं की काय होतं ते तुला सांगायला नको. आल्सीदची अब्रू म्हणजे काय चीज आहे तेही तू जाणतेस. त्याला मनाच्या इलाजाची गरज आहे असं गावभर झालं असतं तर तो खोपटही सोडून गेला असता.

म्हणून चर्चच्या घेवड्याच्या जेवणाला, सगळं गाव जमलेलं असताना, मी सरळ सांगून टाकलं की मला पाहिजे. माझ्यासाठी. झोप लागत नाही म्हटलं.

पुढचे दिवस ऐकशील तर हसशील. फादर आले आणि तासभर माझा हात हातात धरून बसले. न्हावी माझ्याशी इतकं सावकाश बोलायला लागला की केस कापायला दुप्पट वेळ लागला. शेजारचा लेओ शिकारीची बंदूक मागायला आला, म्हणे साफ करून देतो. नेली ती अजून परत दिलेली नाही. रीता मावशीने फळांचे तीन तऱ्हेचे पाय भाजून आणले, दारातच रडली, आणि घरी जाऊन तुला फोन केला.

पण काम झालं. लायब्ररीतल्या बाईने मला पुस्तकांच्या मांडणीमागे बोलावून सांगितलं की स्वीडिश वस्तीतली एक सिग्ने लुंडिन आहे. शाळेतल्या मुलांचं बघते, आणि गुरुवारी दुपारी आपल्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत मोठ्या माणसांनाही बघते. पाटी लावत नाही, कारण पाटी लावली तर तिथे गाडी उभी करायला कुणी धजणार नाही. परवाना आहे का, मी विचारलं. ती म्हणाली, भिंतीवर टांगलाय, जाऊन वाच.

मी गेलो. परवाना खरंच वाचला. सिग्ने चाळिशीची असेल, उंच, बुटांना शेणाचा चिखल, कारण घरी गाई. मी पटकन खरं सांगून टाकलं की आजारी मी नाही, माझा भाऊ आहे, त्याला कसं आणायचं ते सांगा. ती म्हणाली, ज्याला यायचं नाही त्याला मी ओढून आणत नाही, आणि तो इथे नसताना त्याच्याबद्दल फार बोलणंही बरं नाही. मला वाटलं, झालं, उठावं. मी टोपी घातली. तेव्हा तिने विचारलं, "आणि तुम्ही रविवारी आता कुठे जेवता?"

आल्सीदबद्दल सांगताना माझ्या तोंडून गेलं असणार की दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. ती बर्निसच्या हातची धिरडी, कुट्टूच्या पिवळ्या पिठाची, एका बाजूने भाजलेली. तिच्या लग्नापासून माझा एक रविवार चुकला नसेल. माझं लग्न झालं नाही याची चिंता आईने केली, तू केलीस, बर्निसने कधी केली नाही. ती फक्त एक ताट जास्त मांडायची. ती गेली तेव्हा सगळे आल्सीदकडे गेले, आणि ते बरोबरच होतं. वहिनी गेली म्हणून दिराच्या दारात कुणी जेवण घेऊन येत नाही. मीसुद्धा कधी म्हटलं नाही की माझंही कुणी गेलंय. बायको त्याची, मी कोण?

 सिग्नेसमोर टोपी काढून तोंडावर धरली आणि रडलो. मग ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी या. मी गेलो. म्हणजे रीता मावशीचं ते अर्धं खरं आहे. गावाला मी मारलेली थाप तोवर थाप उरलीच नव्हती.

आता आल्सीदचं ऐक. लेओने तळ्यावर जाऊन त्याला सांगितलं की तुझ्या भावाचं काही खरं नाही. इतके आठवडे हलला नव्हता तो माणूस, त्याच दुपारी माझ्या दारात. दाढी वाढलेली, ट्रक तिरका लावलेला. मला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाला, "जेवतोस का काही?" मी म्हटलं, तू जेवतोस का? त्याने उत्तर न देता माझा फ्रीज उघडला, मावशीचे डबे पाहिले, आणि अंडी फोडायला घेतली. आम्ही दोघं जेवलो. मी त्याला खरं काय ते सांगणार होतो. तोंडापर्यंत आलंही. पण तो ताट विसळत होता, क्लोदेट, पूर्वीसारखं शिट्टी वाजवत नव्हता, तरी विसळत होता. मी फडकं घेऊन ताटं पुसायला लागलो.

गुरुवारी तोच मला घेऊन गेला. एकट्याला गाडी चालवू देणार नाही म्हणाला. मी आत, तो बाहेर खुर्चीवर. पुढच्या गुरुवारी तसंच. परतताना विचारायचा, काय विचारते ती? मी जमेल तेवढं सांगायचो. एकदा म्हणाला, आणि तू काय सांगतोस? मी म्हटलं, बर्निसचं सांगतो.

एप्रिलअखेर असेल. सिग्नेने दार उघडलं, मी उठलो, तर माझ्याआधी तो उठला. खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि तिला म्हणाला, "याचं आज राहू दे. मी येतो." बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. ट्रकमध्ये बसल्यावर म्हणाला, मी वेळेवर पोचलो होतो का हेच मला कळत नाही. मी म्हटलं, मलाही कळत नाही, पण तू पोचलास. तो मान हलवत राहिला.

दोघा भावांना एकाच वेळी बघणं सिग्नेच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून माझा गुरुवार मी त्याला दिला. माझ्यासाठी तिने बँगोरचे एक गृहस्थ गाठून दिले. लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसून मी त्यांच्याशी कॉम्प्युटरवर बोलतो, जे आल्सीदला जमणार नाही असं मीच म्हणत होतो. मला बरं जमतं. त्यांच्याकडे मांजर आहे, ते मध्येच येऊन पडद्यासमोर बसतं.

गेल्या रविवारी आल्सीदने घराचं कुलूप काढलं. मला दारात उभा राहा म्हणाला. स्वयंपाकघरात गेला, खिडक्या उघडल्या, आणि पिठाचा डबा शोधून काढला. पहिली धिरडी जळाली. नंतरची खाण्यासारखी झाली. खाताना मध्येच म्हणाला, नाताळात बर्निस क्लोदेटला हे पीठ पाठवायची, मला कळत नाही असं तिला वाटायचं. मग म्हणाला, यंदा कोण पाठवणार?

आईच्या दफनाच्या वेळी तो तुला काय बोलला ते मी ऐकलं होतं. म्हणाला, गाव सोडलं ती पाहुणीच, आणि पाहुण्यांनी पुढच्या बाकावर बसू नये. तू उठून मागे गेलीस आणि मग गावातूनच गेलीस. ते वाक्य परत घेता येत नाही हे त्याला माहीत आहे. सिग्नेशी तो काय बोलतो ते मी विचारत नाही. पण तुझं नाव आता तो घेतो. परवा जेवताना आपणहून घेतलं, आणि मी बघितलं तर ताटाकडे पाहत होता.

ये म्हणून आग्रह करायला मी हे पत्र लिहायला बसलो नव्हतो. बसल्यावर कळलं की त्यासाठीच बसलोय. मुक्काम माझ्याकडे कर. वाटलं तर रविवारी जेवायला तिकडे जाऊ, नाही वाटलं तर इथेच नेच्याचे कोंब परतू. तुझ्यावर कसलीही सक्ती नाही. रेमंडलाही आण, त्याच्या कंबरेला माझा पलंग चालेल, मी बाकावर झोपेन.

आल्सीद आत्ता इथेच आहे. पाकीट टाकायला पोस्टात जातो म्हणाला, मग म्हणाला, जरा कागद दे. खालच्या ओळी त्याच्या. मी वाचल्या नाहीत असं त्याला सांगितलंय.

बराच बरा असलेला, तुझा भाऊ
रोझेर

क्लोदेट,
बँगोरपर्यंत बसने ये. पुढे मी घ्यायला येतो. वाटेत बोलायचं नसेल तर नको बोलूस. पुढच्या सीटवर बस.
आल्सीद