पाचव्या नळीबद्दल

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, परागकण मोजण्याच्या आणि ते मोजायला शिकवण्याच्या कामातून निवृत्त झालेली शिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हस्ताक्षरात आणि डोकं ठिकाणावर असताना लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दलचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही, पण त्याचा दाखला लागत नाही असं भाची म्हणते.

येत्या चोवीस तारखेला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. बहुतेक सगळं नीट होईल, असं सर्जन म्हणाले. चौतीस वर्षं एकेक कण मोजलेल्या बाईला 'बहुतेक' हा शब्द पचत नाही. हा माझा चौथा खर्डा आहे. आधीचे तीन रद्द समजावेत. हा लिहिताना मी सहा वेळा उठले, दोनदा खिडकी उघडली आणि लावली, आणि एकदा उगाच जिना उतरून वर आले.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती वकील आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिने करावी. "मावशी, अवांतर लिहू नकोस," असं तिने बजावलं आहे. तिने नको असेल ते वगळून वाचावं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि गच्चीसह, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावं. आईचं शेवटचं दुखणं तिने एकटीने काढलं. मी त्या तीन महिन्यांत तळ्याच्या गाळातले कण मोजत होते आणि दर रविवारी येते म्हणून कळवत होते. बहीण मला त्यावरून कधी टाकून बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. घर ही त्याची भरपाई नव्हे, एवढं तिला सांगावं.

कलम २. माझ्याकडच्या सहाशे चाळीस काचपट्ट्या कॉलेजला द्याव्यात. प्रत्येक पट्टीवर आजच्या एकेका फुलाचे परागकण आहेत. गाळात सापडलेला हजारो वर्षांपूर्वीचा कण कोणत्या झाडाचा, हे या पट्ट्यांशी ताडून पाहूनच कळतं. अट एकच: त्या कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. विद्यार्थ्यांनी त्या हाताळाव्यात. फुटल्या तर फुटल्या, फुलं अजून उमलतात.

कलम ३. बँकेतली शिल्लक शस्त्रक्रिया आणि अंत्यविधी यांचा खर्च जाऊन उरेल ती त्याच कॉलेजातल्या माझ्या जुन्या प्रयोगशाळेला द्यावी. त्यातून मुलांसाठी मायक्रोस्कोप घ्यावा, भिंतीला रंग देऊ नये.

कलम ४. माजी विभागप्रमुखांना मी काहीही देत नाही. हे नजरचुकीने राहून गेलेलं नाही.

कलम ५. माझी फिरती खुर्ची प्रयोगशाळेतल्या निवृत्त सहायकाला द्यायची होती. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं भाचीने सांगितलं, तेव्हा मी त्याला विचारलं की खुर्ची हवी की सही करायची. तो म्हणाला, "सही करतो. खुर्चीचं एक चाक तसंही मीच बसवलेलं आहे." खुर्ची ज्याला हवी त्याने न्यावी.

कलम ६. आता पाचव्या नळीबद्दल. हे कलम आधीच्या तिन्ही खर्ड्यांत चार ओळींचं होतं. या वेळी पुरतं लिहिते.

सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही एका तळ्याच्या तळातून सहा मीटर खोल गाळ काढला. तो मीटर-मीटरच्या सहा नळ्यांतून वर येतो. सगळ्यांत वरचा गाळ पहिल्या नळीत, सगळ्यांत जुना सहाव्या. नळीची वरची बाजू कोणती हे कळावं म्हणून तिच्यावर बाण काढतात. प्रयोगशाळेत सहायक म्हणाला, "बाई, पाचव्या नळीवरचा बाण पुसला गेलाय." मला परगावी व्याख्यानाला जायचं होतं, गाडी खाली उभी होती. मी नळीकडे एकदा पाहिलं, अंदाजाने बाण काढला आणि निघाले.

पुढे दोन वर्षं मी त्या गाळातले कण मोजले. प्रत्येक थरात पाचशे. त्यांतून आलेख निघाला तो असा: आधी दाट जंगल, मग ते एकाएकी जाऊन नुसतं गवत आणि धान्य, मग हळूहळू जंगल पुन्हा वाढलेलं, आणि मग एकाएकी पुन्हा गवत. मी लिहिलं की दुष्काळाने जंगल गेलं, माणसं निघून गेली आणि सहाशे वर्षांत जंगल आपोआप परत आलं. लोकांना ते फार आवडलं. तो आलेख दोन पाठ्यपुस्तकांत गेला. माझ्या मोजणीचे आकडे जगभरातले संशोधक वापरतात त्या सामायिक साठ्यात गेले आणि तिथून इतरांच्या सतरा लेखांत. मला बढती मिळाली. दरवर्षी मी मुलांना तोच आलेख द्यायचे आणि त्यावरून जंगलाची गोष्ट सांगा म्हणायचे.

वीस वर्षांपूर्वी एका मुलीने तासाला आलेख कात्रीने कापला. पाचव्या नळीची पट्टी वेगळी केली, उलटी धरली आणि पुन्हा मध्ये ठेवली. दोन्ही टोकांच्या उड्या नाहीशा झाल्या. रेघ वरून खालपर्यंत सलग जुळली. ती म्हणाली, "बाई, हा तुकडा उलटा लागलाय का?" वर्गात चाळीस मुलं होती. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि म्हणाले, "आधी मोजायला शिक. कापाकापी नंतर कर." मुलं हसली. पोरांनी तिचं नाव कात्रीवाली ठेवलं. त्या विषयात मी तिला काठावर पास केलं. पुढचं वर्ष तिने दुसरीकडे काढलं आणि हा अभ्यास सोडला.

ती बरोबर होती, हे मला चौदा वर्षांपूर्वी कळलं. शीतपेटी बदलायची म्हणून नळ्या बाहेर काढल्या होत्या. चौथ्या नळीच्या तळाला राखेचा काळा थर होता, मध्येच कापलेला. त्याचा उरलेला भाग पाचव्या नळीच्या वरच्या टोकाला असायला हवा होता. तो होता खालच्या टोकाला. नळी सरळ केली की गोष्ट साधी होती. आधी धान्य आलं, मग राख आली, आणि जंगल हळूहळू, एकदाच गेलं. परत आलंच नव्हतं.

मी नळ्या नव्या शीतपेटीत ठेवल्या. सहायक शेजारी उभा होता. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. निवृत्त होईपर्यंत पाच वर्षं मी मुलांना तोच आलेख वाटत राहिले. कोणी कात्री काढते का, याकडे दरवर्षी माझं लक्ष असायचं. कोणी काढली नाही, कारण बाईंच्या वर्गात असं करायचं नसतं हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. माझ्या शिकवण्याचं हे फळ.

कलम ७. तिसऱ्या खर्ड्यात हे कलम असं होतं: माझ्या मृत्यूनंतर भाचीने चूक दुरुस्त करणारं पत्र प्रसिद्ध करावं, शोधाचं श्रेय कात्रीवालीला द्यावं आणि माझा मायक्रोस्कोप तिला पोचवावा.

ते लिहून झाल्यावर मला बसवेना. शहराच्या कडेला तिची रोपवाटिका आहे. मी तिथे आधी दोनदा जाऊन, एकेक रोप विकत घेऊन, तोंड न उघडता परत आले होते. गेल्या बुधवारी तिसऱ्यांदा गेले. ती रबरी नळीने वाफ्यांना पाणी घालत होती.

"आज कोणतं देऊ, बाई?" तिने विचारलं. तिने मला पहिल्याच खेपेला ओळखलं होतं.

मी म्हणाले, "तो तुकडा उलटाच होता. तुझं बरोबर होतं."

तिने नळ बंद केला. "तुम्हाला कधी कळलं?"

"चौदा वर्षांपूर्वी."

"आणि निवृत्त होऊन नऊ झाली." तिने हात पुसले. "मधली पाच वर्षं काय शिकवत होतात?"

मी सांगितलं. मग घाईघाईने कलम सातही सांगितलं, श्रेयाचं, मायक्रोस्कोपचं. ते सांगताना मला वाटत होतं की ती हलकी होईल. तिचा चेहरा अधिकच आवळला गेला.

"मेल्यावर नको," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर सगळे म्हणतील, बिचाऱ्या बाई, किती मोठं मन. मला ते ऐकायचं नाही. लोक विचारतील तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही समोर हव्यात."

शस्त्रक्रियेबद्दल मी तिला तोवर सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. चोवीसला अजून वेळ आहे, एवढंच ती म्हणाली.

तिने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. शुक्रवारी सकाळी मी माझ्या सहीने पत्र पाठवलं, तो आलेख पहिल्यांदा छापणाऱ्या नियतकालिकाला, सामायिक साठ्याला आणि ज्यांचे पत्ते मिळाले त्या अकरा लेखकांना. तेव्हापासून मी दर तासाला उत्तर आलंय का पाहते. दोन उत्तरं आली. एक सभ्य आहे, एक नाही. माजी विभागप्रमुखांचा फोन आला. विभागाच्या नावाचा विचार करायला हवा होता, असं ते म्हणाले. मी म्हणाले की तोच विचार चौदा वर्षं केला.

सबब कलम सात रद्द. त्यातलं काम मी स्वतः केलं आहे.

कलम ८. पाचवी नळी आता पहिल्यापासून मोजायची आहे. कात्रीवालीची अट अशी की दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींचे आकडे शेवटपर्यंत बघायचे नाहीत. मला ती मान्य आहे. मी मध्येच गेले तर मायक्रोस्कोप, नळ्या आणि माझे मोजणीचे अर्धवट तक्ते तिचे. कॉलेजने या गाळाचे आकडे शिकवायला वापरावेत, पण आधी फक्त आकडे द्यावेत, आलेख मुलांनी काढावा, आणि माझा जुना चुकलेला आलेख सगळ्यांत शेवटी दाखवावा. सोबत कात्री ठेवावी.

याखेरीज मला काही सांगायचं नाही. वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार, सकाळी सव्वादहा.

साक्षीदार १: प्रयोगशाळेतला निवृत्त सहायक. आमच्यासमोर सही झाली. (सही)
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर. (सही)

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

सही वेडीवाकडी आली आहे, ती माझीच आहे. खाली फाटक वाजलं. ती मोजायला आली आहे आणि मी अजून काचपट्ट्या पुसलेल्या नाहीत.