रनचा त्रेचाळिसावा अर्थ

३ मार्च

इंग्रजी-मराठी कोशातला 'रन' हा शब्द माझ्या गळ्यात पडला! संपादकबाई म्हणाल्या, "पहिल्या आवृत्तीत तुझ्या बाबांनीच केला होता. नवीन आवृत्तीसाठी आता तूच तपास." चार खोकी कार्डं! यंत्र चालतं तो रन, कपड्याचा रंग जातो तो रन, मोज्याची वीण उसवते तोही रन. वर रनर, रनवे, रनअवे ही पिलावळ. इंग्रजीत अक्षरं तीन आणि खटलं केवढं!

कोशाच्या कचेरीतल्या या खोलीत जुन्या डिंकाचा वास अजून आहे. आई दुपारपाळीला असायची, म्हणून शाळा सुटली की मी इथेच, बाबांच्या टेबलाखाली.

५ मार्च

एका शिक्षकाचं पत्र. 'त्रेचाळिसावा अर्थ कुठून आणलात? दुसऱ्या कुठल्याच कोशात नाही.' छापलंय असं — जिन्यावरून येणाऱ्या ओळखीच्या पावलांचा आवाज.

चारही खोकी पालथी घातली. बेचाळीस आहे, चव्वेचाळीस आहे. त्रेचाळीस नाही.

आणि बाबांचं ब्रीद काय? कार्ड नाही तर अर्थ नाही! अर्थ, वाक्य, कुठे सापडलं, तपासणाऱ्याची सही — यातलं एक जरी राहिलं तरी कार्ड तोंडावर परत. भल्याभल्यांना रडवलंय त्यांनी.

६ मार्च

संपादकबाई सरळच बोलल्या. "एक मनाने रचला असेल तर आणखी किती?" सोमवारपर्यंत अहवाल हवा. पुरावा नसेल तर नवीन आवृत्तीच्या पहिल्या पानावरून बाबांचं नाव जाणार. एकतीस वर्षं त्या पानासाठी घातली त्यांनी.

८ मार्च

शेवटी बाबांनाच विचारलं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे 'हो' आणि 'ना' एवढेच शब्द उरलेत, पण कळतं सगळं. कोशाचं पान समोर धरलं. वाचलं — आणि हसले! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"तुम्ही रचलंत?"

"ना."

"मग कुणी?"

बोट माझ्याकडे! चोर तर चोर, वर शिरजोर. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "जन्मभर लोकांकडे पुरावे मागितलेत आणि स्वतः खोटारडे निघालात!"

बोट तसंच राहिलं थोडा वेळ. मग हात खाली घेतला. जेवायला उठले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

९ मार्च

अबोला. काठी टेकत दोनदा माझ्या खोलीच्या दारापर्यंत आले. मी वर पाहिलं नाही.

१० मार्च

अहवाल दिला. 'अर्थ निराधार.' खाली माझी सही. संपादकबाई म्हणाल्या, "अवघड होतं, पण केलंस." सही एका दमात केली, त्याचीच लाज वाटतेय.

११ मार्च

सकाळी कोठीवाले काका कार्ड घेऊन आले. "साहेबांच्या जुन्या टेबलाचा खण काढला, तर मागच्या फळीला चिकटलेलं. नीट जपून ठेवल्यासारखं."

त्रेचाळीस. शाईचे डाग, ओळ सोडून पळणारं गोल अक्षर — माझं! दुसरीतलं असेल.

वाक्य: 'बाबांचा रन ऐकू आला आणि मी पळत दार उघडलं.'

कुठे सापडलं: 'आमच्या जिन्यात.'

खाली बाबांची पूर्ण सही आणि तपासल्याची लाल खूण.

पहिल्या पानावरचं बाबांचं नाव वाचेल की नाही, कोण जाणे. अहवाल दुपारी परत मागेन. आधी घरी जाते. तीन दिवस मी त्यांच्याशी बोललेले नाही.