देवानं धरलेला भाऊ

सरापिसचं देऊळ, मेम्फिस
पाओफी महिना, १२

चि. निकाइयास अनेक आशीर्वाद.

पत्र टाळलं, हे कबूल. लिहायला बसलो की मांजर कागदावर येऊन बसायचं, आणि इथे मांजर पवित्र, त्याला उठवायची सोय नाही. खरं म्हणजे लाज वाटत होती.

जत्रा बघून लगेच परततो म्हणालो होतो ना? देवळाच्या ओसरीवर झोपलो आणि स्वप्नात सरापिस आला. दाढी आपल्या ग्रीक देवांची, डोळे इथे पुजतात त्या बैलाचे. राहा म्हणाला. सकाळी मी हौसेनं पुजाऱ्याला सांगितलं, तर त्यानं माझ्या चपलाच काढून घेतल्या. देवानं ज्याला धरलं, त्याला देवानंच स्वप्नात सोडावं लागतं म्हणे. तोवर उंबरा ओलांडला तर वेड लागतं. एका गावात दोनदा न जेवणारा मी! समोर नदी दिसते. काल लाल शिडाची एक होडी अशी गेली, की... पण ते राहू दे. भाकरी आणि खारा मासा मिळतो.

काकांना सांगू नकोस. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
लिसानियस

अर्सिनोई
हाथिर महिना, ३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मी नाही सांगितलं, बाजारानं सांगितलं. काका खूश आहेत. बाबा गेल्यापासून कायद्यानं तू माझा पालक. पालक देवळात अडकला म्हणजे आता पालक आपणच, असं त्यांनी कचेरीत ठरवूनही टाकलं. पौर्णिमेनंतर तेलवाल्या द्राकोनशी माझं लग्न आहे. त्याला दात नाहीत. काका म्हणतात, बरंय, चावणार तरी नाही. मी नको म्हटलं, तर म्हणे ग्रीक मुलीच्या नकोलाही पालकाची सही लागते. स्वतःच्या सहीनं व्यवहार करायला तू काय इथल्या मोकाट बायकांतली आहेस? आपली आई ग्रीक नव्हती, इथलीच होती, हे ते सोयीनं विसरतात. आणि स्वतःसाठी मात्र इथल्यासारखी रंगीत शवपेटी करायला टाकली आहे!

दादा, तू बाहेर आलास तरच हे थांबेल. देवाला विचार, त्याला बहीण आहे का.

माया आहे तेवढी ठेव, वाढवायची ती इथे येऊन वाढव.

तुझी निकाइया

सरापिसचं देऊळ, मेम्फिस
हाथिर महिना, १५

चि. निकाइयास अनेक आशीर्वाद.

रोज देवासमोर झोपतो. स्वप्नात बदकं येतात. एकदा काका आले, शवपेटीत बसून. देव येत नाही. शेजारी ग्लाव्कोन म्हणून एक म्हातारा आहे, तोही असाच धरलेला. तो म्हणाला, खोटं स्वप्न सांग, पुजारी थोडाच देवाला विचारायला जातोय? पटलं. पुजाऱ्यासमोर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं, तर आज भाकरी करपली होती. मी भित्रा नाही गं. वाळवंट पाहिलं, चाचे पाहिले. पण या उंबऱ्याशी गेलो की मागे फिरतो आणि मांजराशेजारी जाऊन बसतो.

उद्या परत बघतो. तोवर आजारी पड. तुला ढोंग छान जमतं.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा दादा,
लिसानियस

ता. क. पत्राची घडी घालत होतो तोच द्वारपाल आला. इथल्या वेषातली कुणी बाई मला भेटायला आली आहे म्हणे. ओळखीची नसेल म्हटलं, तर हसला. तशेनची मुलगी असं नाव सांगते. निकाइया, आईचं नाव! द्वारपाल सांगतो, इथल्या लेखनिकाकडे जाऊन, इथल्या लिपीत, आईची लेक म्हणून स्वतःच्या सहीनं तेलवाल्याला नकार लिहून आली आहेस. त्या लिपीतल्या कागदाला इथला कायदा, त्यात बाईला पालक लागत नाही. काकांनी तुला ग्रीकांतून काढून टाकलं, तेही ऐकलं. तुला आता पालक नकोय म्हणे, भाऊ बघायचाय.

तू दारात आहेस आणि मी तुलाच लिहितोय, हात थांबत नाही. द्वारपाल विचारतो, आत घेऊ का? मी ओरडलो, नको! आत झोपलेल्याला देव कधी धरेल, नेम नाही. तिला म्हणावं, उंबऱ्याला पाय लावू नकोस. मीच येतो.