काठाची ज्वारी

३ तीर, फसली १३५३
शाळेला सुट्टी. हजेरीपटामुळं ही निजाम सरकारची तारीखच हाताला बसलीय, घरात सगळे वैशाख म्हणतात.

अण्णांशी वाजलं. थोरले भाऊ असले म्हणून काय झालं. खळ्यात आमची दोन पेवं, जमिनीच्या पोटात तीन सालांची ज्वारी कोंडलेली, आणि आमचा सालगडी सटवा घरी चिंचोके भाजून खायलाय. दरसाल पेवात तोच उतरतो. भिंतीला लागून जी काळी पडते, वास मारते, ती त्याची. मधली पांढरी आमची. 'काठाची सटवाची' अशी घरात म्हणच पडलीय. मी म्हणालो, यंदा मधली वाटू, सगळ्या गड्यांना सारखी. अण्णा विभूती लावत होते. "दासोह घालतोच की वर्षाला. सगळं गाव जेवतं."
एक दिवस जेवतं. बाकीचे दिवस? हे बोलायला पाहिजे होतं.

५ तीर
वहिनी माझ्या बाजूनं. "गड्यांच्या थंड चुली बघून माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई," म्हणाल्या. अण्णा एका पेवाला कबूल. दुसऱ्याला हात लावायचा नाही.

सटवाला सांगितलं. म्हणाला, "मग काठाची कुणाची?"
"कुणाचीच नाही. गुरांना घालू."
हसला. "गुरं खात न्हाईत ती, मास्तर."
लाज वाटली. इतकी वर्षं माहीत नव्हतं.

६ तीर
लेव्हीचे, म्हणजे सरकारी धान्यवसुलीचे लोक शेजारच्या गावात उतरलेत म्हणे. सापडली तर सगळी उचलून नेतील. उद्याच उघडायचं. रीत अशी की तोंड उघडून पेवाला दिवसभर हवा खाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. जळत राहिला तरच माणूस. आत जीवघेणी वाफ कोंडलेली असते. उद्या एवढा वेळ कुठला.

७ तीर
सकाळी तोंडावरचा दगड काढला. तासाभरानं कंदील सोडला, वाऱ्यानं विझला. सटवा म्हणाला, उद्यापर्यंत थांबू. मी म्हणालो, अरे वारं आहे, उतर. उतरला. चार टोपल्या वर आल्या. पाचवी येईना. हाका मारल्या. कमरेच्या दोरानं ओढून काढला. तोंडाला फेस.
जिवंत आहे.

९ तीर
काल दिवसभर पेव उघडं ठेवलं, आज बाकीच्यांनी ज्वारी काढली. वाटप झालं. सगळ्यांना सारखी. पदरात घेतली नि गेले. लेव्हीवाले परस्पर ताडकळसला गेले. आलेच नाहीत.

१५ तीर
सटवाकडं गेलो. भिंतीला टेकून बसतो. शब्द सापडत नाहीत त्याला. मला बघून 'मा, मा' एवढंच. बायको कोंडाबाई भाकरी भरवत होती, तो तोंड फिरवायलाय. "वास येईना न् ह्या भाकरीला. म्हून त्येला आपली वाटत न्हाई," ती म्हणाली. साधं सांगितल्यासारखं.

घरी येऊन ७ तारखेचं पान काढलं. वाऱ्यानं विझला, असं लिहिलंय. त्या दिवशी वारा नव्हता. चिंचेचं पान हलत नव्हतं. मला दिसत होतं.

३ अमरदाद
मृग लागला, पेरण्या तोंडावर, वाटलेली ज्वारी सरली. अण्णांनी आपण होऊन दुसरं पेव सोडलं. सटवाचं त्यांच्याही मनाला लागलंय, दाखवत नाहीत एवढंच. पण त्याची गत बघितल्यापासून उतरायला कुणी तयार नाही. एकाची कंबर धरलीय, एकाला पावण्याकडं जायचंय. अण्णा म्हणतात, जिंतूरकडनं माणूस आणू, पोटासाठी कुणीही येतो.

मागच्या दारी कोंडाबाई आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वाटा बराबर केलात मास्तर. आपल्या गावात असा कुनी केला न्हाई. आता उतरायचा वाटा बी बराबर करा."

जेवलो नाही.

४ अमरदाद
सकाळीच दुसऱ्या पेवाचा दगड काढला. उद्यापर्यंत हवा खाऊ दे. अण्णांना म्हणालो, जिंतूरला कुणाला धाडू नका. "शिवा, शहाणा हो," म्हणाले.

५ अमरदाद
वही खळ्यातच घेऊन बसलोय. अण्णा आलेच नाहीत. बाकीचे गडी लांब, झाडाखाली. कमरेला दोर बांधलाय, सटवाचाच. दुसरं टोक कोंडाबाईच्या हातात. भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत.

कंदील सोडला. जळतोय. पण तळाशी ज्योत बारीक झालीय, निळसर.

तिला विचारलं, "वारं आहे का गं?"
"तुमीच बगा, मास्तर."