पाठीखालची थंडी

मामाजी,

मी वांगे घेऊन वर्ध्याच्या बाजारात जाऊन राह्यली. भाकर अन् पिठलं चुलीपाशी झाकून ठेवलं.

दोन घोंगड्या पांघरूनही वावरातल्या रातच्या जागलीत तुमची पाठ काऊन गारठते, ते मले पाह्यचंच होतं. म्हणून आज पहाटे तुम्ही घरी आल्यावर मी वावरात गेली अन् दोन झाडांच्या मधात टांगलेल्या तुमच्या झोळीत लेटून पाह्यलं. हसू नका. थंडी वरून नाई, पाठीखालून येते! झोळीत पोतंभर तुरीच्या भुशाचं कुटार टाकलं, तर ते माह्या वजनानं दबलं अन् वारा तसाच लागला. दबलेल्या गोष्टीत ऊब राहत नाई.

मंग ती गोधडी आणली, आत्याबाई वारल्यावर त्यांच्या लुगड्यांची शिवलेली. तिच्यावर निजून पाय लावणार नाई म्हणून तुम्ही ती पेटीत ठेवली होती ना? ती मी झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगानं सैल बांधली. पाठ लगेच गरम झाली.

आता तुमचे पाय तिले लागत नाई, वजनही पडत नाई. गाठी सोडू नका. आत्याबाई नुसत्या खालून धरून राहतीन.

तुमची सून, गोपिका