चांदणीचं दावं

१४ नोव्हेंबर
घोडचूक! चांदणीला दाव्यासकट देऊन बसले. गाय विकताना दावं द्यायचं नसतं — घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं, आपलं खुंट्याला परत. नाहीतर गोठ्याची बरकत जाते. गोठ्यात वाढलेली मी, नागपुरात जरीपटक्यात बत्तीस वर्षं राहून एवढंही विसरले! शेवटची गाय ती. बाबा समोर उभे होते, बघत होते. सौंसरहून नागपूरपर्यंत गाडीत एक शब्द नाही. त्यांना कायमचं माझ्याकडे आणलंय, आणि सुरुवात ही अशी.

१५ नोव्हेंबर
बाबांनी अर्धीच पोळी खाल्ली. "भूक नाही." बस्स.

१६ नोव्हेंबर
दुपारभर त्यांच्या खोलीच्या दारात घुटमळले. आमच्या चाळीस गाई होत्या. नाल्याच्या अलीकडे आम्ही मध्यप्रदेशात, पलीकडे महाराष्ट्र. गाईंना कुठलं राज्य! हिरवं दिसलं की चालल्या पलीकडे, आणि मागे मी न् बाबा. फ्रॉक भिजला म्हणून आई ओरडायची, तर बाबा म्हणायचे, "परदेशातून आली पोरगी, चहा तरी दे वं तिले!" सौंसरच्या बाजारात मला खांद्यावर घेऊन भेटेल त्याला सांगायचे, "हे माही गुराखीण!" इतका बोलका माणूस. आता गप्प बसतात तर मला रडू येतं.

१८ नोव्हेंबर
गाय नेली त्या मधुसूदनला फोन केला — दावं परत दे. हसला. "ताई, त्याले सोनं जडवलं हाय काय?" मग म्हणाला, "धाडतो. पण नवं बांधलं का उड्या मारते ते, जुनंच लागते तिले." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला माझे बाबा हवेत!

१९ नोव्हेंबर
एसटीच्या कंडक्टरबरोबर दावं आलं. बाबांच्या हातात दिलं, म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी ते नाकाशी धरलं. बराच वेळ.
"काहून मांगवलं वं? मी पाहूनच चूप राहिलो. नव्या घरी तिच्यापाशी आपलं काहीतरी असावं ना."
"मग माझ्यावर रागावले नव्हते?"
"तुह्यावर? करमून नाही राहिलं वं मले तिच्याबिगर."

२० नोव्हेंबर
दावं परत पाठवलं. बाबांनीच पिशवीत घातलं, गाठ मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले लगन करून नागपूरले धाडलं, तवा मले हे सुचलं नाही."