धनेश येईपर्यंत

लिंगथेम, झोंगू
२ सप्टेंबर

पिंतसो,

इकडे सगळं ठीक म्हणायचं. आईचे गुडघे पावसाळ्यात दुखतात तेवढेच दुखताहेत. मोठ्या वेलचीची तोडणी चालू आहे, पण भट्टीचं छप्पर गळतं, माल नीट वाळत नाही. जळवांनी यंदा जीव नकोसा केलाय. वरच्या वाटेवर पुन्हा दरड आली.

तू ड्रायव्हरबरोबर पाठवलेलं जॅकेट पोचलं, निरोपही पोचला. ऑक्टोबरात पक्षी बघणारे पाहुणे घेऊन येतोय, दोन खोल्या तयार ठेव. आणि दाजी कुबडीवर फिरत असतील तर त्यांना ओढ्यापर्यंत बरोबर पाठव, पाहुण्यांना कौतुक वाटेल. हा निरोप देताना ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. जॅकेट त्याच्याच हाती परत पाठवलंय. नशीब, लोदेनसाठी पँट नाही पाठवलीस. एक पाय कापून शिवावा लागला असता.

जूनमध्ये काय झालं ते गावाला तू सांगितलंस तेवढंच ठाऊक होतं. धनेश पक्ष्याच्या ढोलीसमोर तू पाहुण्यांना घेऊन दबा धरून बसला होतास, लोदेन पाणी आणायला घळीत उतरला, शेवाळावरून घसरला, दगडाखाली पाय अडकला. पाऊस कोसळत होता, ओढा फुगला होता, म्हणून त्याची हाक कुणाला ऐकू आली नाही. मीही भेटायला येणाऱ्यांना हेच सांगत होते. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगत होते.

मग कोलकात्याच्या त्या बाई आल्या. तुझ्याच पाहुण्यांतल्या, शर्मिष्ठा नावाच्या. गंगटोकच्या दवाखान्यात लोदेन झोपला होता. त्या बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या की हाक त्यांनाही ऐकू आली होती. त्या उठायला लागल्या तर तू त्यांचा दंड धरून खाली बसवलंस. आणि घळीच्या काठावर वाकून लोदेनला म्हणालास, "दाजी, ओरडू नका. नर चारा घेऊन येतोय. तो बिचकला तर परत येणार नाही."

लोदेन ओरडला नाही, पिंतसो. तू सांगितलंस म्हणून त्याने गळ्यातला मफलर तोंडात कोंबला आणि पाण्यात पडून राहिला. नर आला, ढोलीच्या फटीतून मादीला फळं भरवून गेला, तुमचे फोटो झाले. मग तुम्ही खाली उतरलात. डॉक्टर म्हणाले, एवढा वेळ दगडाखाली राहिला नसता तर पाय कदाचित वाचला असता.

मी लोदेनला विचारलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "त्याला वाटलं असेल नुसता मुरगळलाय. आईला कळू देऊ नकोस, तिचा एकुलता एक मुलगा आहे." अजूनही तुझीच बाजू घेतो. तू एकदाही दवाखान्याची पायरी चढला नाहीस, आणि तो सांगतो की पिंतसोला हंगामात सवड नसते.

नवऱ्याचं ऐकून मी दोन महिने गप्प राहिले. तुझा निरोप आला त्या संध्याकाळी मात्र नाही राहवलं. आधी आईला सांगितलं. ती चुलीपाशी नाचणी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "गावच्या वडीलधाऱ्यांकडे चल. मी बरोबर येते." दुखऱ्या गुडघ्यांनी ती चढ चढली आणि सगळ्यांसमोर तुझं नाव तिनेच घेतलं. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

ठरलं ते असं. वेताच्या पुलापासून पुढे तू पाहुणे आणायचे नाहीत. कुणी घरात ठेवून घेणार नाही, कुणी वाट दाखवणार नाही. तुझ्या मामांनीही त्या बाजूने हात वर केला. धनेश बघायचे असतील त्यांना यापुढे मी नेईन.

लोदेन माझ्याशी नीट बोलत नाही. त्याचं म्हणणं, मी भाऊ तोडला. बोलेल कधीतरी. कुबडी घेऊन अंगण ओलांडताना तो पडतो तेव्हा अजूनही ओरडत नाही, आणि मी हातातलं काम टाकून धावत सुटते.

नामसूंगला, नव्या वर्षाच्या सणाला, आईला भेटायला ये. तिने बोलावलंय. मी नाही.

खाली 'तुझी बहीण' लिहायला हात गेला होता. आवरला.

मायेलमित